चाक कुठे थांबतं

पहिल्यांदा चाक थांबलं तेव्हा मी बेअरिंगला तेल घातलं. दुसऱ्यांदा थांबलं तेव्हा बेअरिंगच बदललं. तिसऱ्या वेळी सगळ्या बिजागऱ्या उघडून साफ केल्या, बाराही वजनं पुन्हा तोलली, आस पाणसळीने तपासली. चौथ्यांदा चाक थांबलं ते आधीच्या तिन्ही वेळांइतकंच लवकर. स्वतःच्याच भाराने फिरत राहणारं चाक ज्यांनी ज्यांनी हाताने करून पाहिलं असेल, त्यांना हा क्रम पाठ असेल. चाक थांबतं, आणि मन लगेच म्हणतं, जरासं घर्षण आडवं आलं.

कल्पना इतकी साधी आहे की ती सुचली नाही असा माणूस विरळाच. चाकाच्या कडेला हात जोडायचे, हाताच्या टोकाला वजन. हात एकाच बाजूला उघडेल अशी बिजागरी. उतरत्या बाजूला हात बाहेर पसरतो, वजन आसापासून लांब जातं. चढत्या बाजूला हात लोंबतो, वजन आसाजवळ येतं. तरफेचा नियम शाळेत शिकलेलाच असतो: लांबचं वजन जड पडतं. मग उतरती बाजू कायमच जड, चढती कायमच हलकी, आणि चाक फिरत राहायला हवं. कागदावर हे चित्र काढलं की त्यात चूक सापडत नाही. मला तर कित्येक महिने सापडली नाही.

माझं चाक सायकलच्या पुढच्या चाकाचं होतं. टायर-ट्यूब काढून उरलेली धाव, आरे आणि मधला हब. धावेवर सारख्या अंतरावर बारा भोकं पाडली, त्यांत लहान बिजागऱ्या बसवल्या, प्रत्येक बिजागरीला पंधरा सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला नट-वायसरचं जुडगं, प्रत्येकी शंभर ग्रॅमचं. हात गरजेपेक्षा जास्त उघडू नये म्हणून धावेवर एकेक स्क्रू अडसरासारखा. हाताने हलकेच फिरवलं की वर पोचलेला हात उजवीकडे कलंडायचा आणि अडसरावर आपटायचा. टक. मग पुढचा. टक. तो आवाज मला फार आवडायचा. प्रत्येक टक म्हणजे चाकाला बसलेला एक नवा धक्का, असं मी धरून चाललो होतो.

मला पहिल्यांदा खरं काही कळलं ते चाक बंद असताना. एका रात्री ते थांबलेलं तसंच सोडून मी मोजपट्टी घेतली. आसातून एक ओळंबा खाली सोडला आणि त्या दोरीपासून प्रत्येक वजनाचं आडवं अंतर मोजून वहीत लिहिलं. उजवीकडे चारच वजनं होती: 22, 41, 44, 28. डावीकडे सात: 7, 16, 22, 26, 27, 23, 14. बारावं बरोबर ओळंब्यावर. दोन्ही बाजूंची बेरीज केली. उजवीकडे 135, डावीकडेही 135.

ती वही अजून माझ्याकडे आहे. लांबच्या वजनांकडे मी इतके महिने टक लावून पाहत होतो, पण किती वजनं लांब आहेत हे कधी मोजलंच नव्हतं. वर आलेला हात कलंडला की त्याचं वजन एकदम पुढे उडी मारतं आणि उतरती बाजू झपाट्याने उरकतं. चढत्या बाजूला मात्र वजनं एकमेकांच्या मागे दाटीने, सावकाश येतात. उजवीकडे थोडी आणि लांब, डावीकडे पुष्कळ आणि जवळ. लांब जाण्याची किंमत संख्येने चुकती होते. कागदावरच्या चित्रात आपण एक हात बघतो, फार तर दोन. चाकाला बाराही हात एकाच वेळी सांभाळायचे असतात.

दुसरा हिशोब याहून साधा आहे, आणि मला तो जास्त पटतो. शंभर ग्रॅमचं एक वजन घ्या. माझ्या चाकावर ते सगळ्यांत वरच्या जागेपासून सगळ्यांत खालच्या जागेपर्यंत साधारण 80 सेंटिमीटर उतरायचं. एवढ्या उतरण्यात त्याच्याकडून पाऊण जूलच्या थोडं वर काम मिळतं; जूल हे काम मोजायचं माप. मग ते पुन्हा वर जातं, तितकेच 80 सेंटिमीटर. हात पसरल्यामुळे ते बाजूला जास्त फिरून येतं हे खरं, पण बाजूच्या प्रवासाला गुरुत्वाकर्षण काहीच देत नाही. ते फक्त उंची मोजतं. डोंगर घाटाने उतरा नाहीतर कड्याने, पायथा तोच असतो. वजन निघालं तिथेच परत आलं की जमा आणि खर्च सारखे. मग हात पाच लावा नाहीतर पन्नास, सरळ लावा नाहीतर कोयत्यासारखे वाकडे, पट्टीच्या जागी साखळी घ्या, वजनाच्या जागी घरंगळणाऱ्या गोळ्या घ्या. प्रत्येक गोळीला आपला फेरा पुरा करून यायचंच आहे.

हे कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि कुणी मोठं माणूस बाजूला येऊन बसावं तसा धीरही आला. कारण मग मी वाचायला घेतलं, आणि या वाटेने कोण कोण चालून गेलंय ते दिसायला लागलं.

भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' 1150 सालचा. तेव्हा त्यांचं वय छत्तीस. त्यातल्या गोलाध्यायात यंत्रांवर एक अध्याय आहे आणि त्यात स्वयंवह यंत्र येतं, आपोआप फिरणारं चाक. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं, त्याला आतून पोकळ, एकसारखे, किंचित वाकवलेले आरे बसवायचे, आरे निम्मे पाऱ्याने भरून तोंडं बंद करायची, आणि आस दोन आधारांवर ठेवायची. पारा एका बाजूला आऱ्याच्या टोकाकडे धावेल, दुसऱ्या बाजूला आसाकडे, आणि चाक फिरेल. त्यांच्याही पाचशे वर्षं आधी, 628 साली, ब्रह्मगुप्तांनी पाऱ्याच्या अशाच चाकाचं वर्णन केलेलं आहे. माझ्या पट्ट्या आणि नट-वायसर म्हणजे त्या पाऱ्याचंच ओबडधोबड रूप. पारा निवडण्यामागची समज मात्र बघण्यासारखी आहे. तो पाण्याच्या साडेतेरापट जड, तरी पाण्यासारखा वाहता. भार हवा आणि तो हलताही हवा, तर याहून चांगला पदार्थ कुठला?

याच प्रकरणातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. पाण्याच्या धारेवर चालणारं चाकही भास्कराचार्यांनी सांगितलंय, पण त्याला ते खालच्या दर्जाचं मानतात, कारण ते सापेक्ष आहे. बाहेरून पाणी यावं लागतं, त्याला दुसऱ्याची अपेक्षा आहे. हा शब्द मला इतका नेमका वाटला की तेव्हापासून दिसेल त्या यंत्राकडे मी तोच प्रश्न घेऊन बघतो. हे कशाच्या अपेक्षेवर चालतं?

पुढे 1230 च्या सुमाराला फ्रान्समधल्या व्हिलार द ऑनकूर याच्या चित्रवहीत असंच एक चाक सापडतं. कडेला सात हातोडे टांगलेले. तो लिहितो की आपोआप फिरणारं चाक करायचे प्रयत्न जाणत्या कारागिरांनी अनेकदा केले आहेत, आणि ते विषम संख्येच्या हातोड्यांनी किंवा पाऱ्याने साधतं. विषम संख्या का, ते चटकन लक्षात येतं. चार एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला, म्हणजे एक बाजू जड. ते चित्र पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसलो होतो. त्याचे हातोडे सात, माझे हात बारा, आणि डोक्यातला विचार अक्षरशः एकच.

लिओनार्दो द विंची यांनीही अशी चाकं काढली, पाऱ्याची, गोळ्यांची, हातांची. पण त्यांनी ती तपासली आणि अशा चाकाच्या मागे लागणाऱ्यांना थांबायला सांगितलं. माझ्या मनात सगळ्यांत वरची जागा मात्र सिमॉन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाची. 1586 साली त्याने एका त्रिकोणी ठोकळ्यावर चौदा गोळ्यांची माळ टाकलेली कल्पली. ठोकळ्याची एक उतरण दुसरीच्या दुप्पट लांब. लांब उतरणीवर चार गोळ्या, आखूड उतरणीवर दोन, उरलेल्या आठ खाली लोंबत्या. चार विरुद्ध दोन, तर माळ चारच्या बाजूने घसरायला नको का? स्टेविन म्हणतो, समजा घसरली. चौदाही गोळ्या एकसारख्या, सारख्या अंतरावर, तेव्हा घसरल्यावरही मांडणी आधी होती तशीच दिसणार. मग ती पुन्हा घसरणार, आणि घसरतच राहणार. हे होऊ शकत नाही, म्हणून माळ जागची हलत नाही. आणि माळ हलत नाही या एका गोष्टीवरून त्याने उतरणीवरच्या वजनाचा अख्खा नियम काढून दाखवला. लांब उतरणीवरचं वजन त्या लांबीच्या प्रमाणात कमी ओढतं. ज्या गोष्टीपाशी मी तेलाची बाटली घेऊन उभा होतो, तिथून त्याने बांधकाम सुरू केलं. त्या चित्रावर त्याने डच भाषेत लिहिलं की हा चमत्कार आहे आणि चमत्कार नाहीही.

बेसलरबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. योहान बेसलर स्वतःला ऑर्फिरियस म्हणवायचा. 1712 साली त्याने जर्मनीतल्या गेरा गावात पहिलं चाक दाखवलं, आणि पुढे एकाहून एक मोठी चाकं केली. सगळ्यांत गाजलं ते 1717 सालचं, हेसे-कासेलच्या राजाच्या वायसेनश्टाइन वाड्यातलं. व्यास बारा फूट, जाडी चौदा इंच, वरून मेणकापडाने झाकलेलं. मिनिटाला सव्वीसएक फेरे. नोव्हेंबरमध्ये चाक फिरवून खोलीला मोहोर लावली, दोन आठवड्यांनी उघडली तर चाक फिरतंच होतं. पुन्हा बंद केली, आणि जानेवारी 1718 मध्ये उघडली तेव्हाही ते फिरत होतं. आत काय आहे ते फक्त राजाला दाखवलेलं. 1721 साली स्ख्रावेसांडे या डच शास्त्रज्ञाने बाहेरून बारकाईने पाहणी करून न्यूटन यांना पत्र लिहिलं, की बाहेरचं काही याला फिरवत असेल असं मला दिसलं नाही. आपलं गुपित फुकटात काढून घेतलं जातंय अशा संशयाने बेसलरने चाक स्वतःच्या हाताने फोडलं. 1727 साली त्याच्या घरच्या मोलकरणीने सांगितलं की चाक शेजारच्या खोलीतून फिरवलं जायचं. 1745 साली एका पवनचक्कीचं बांधकाम चालू असताना तो वरून पडून गेला.

मी या माणसाचा खूप विचार केला आहे. त्याने फसवलं असं मी मानतो, कारण तोलाचा हिशोब राजवाड्यातही तोच असतो. पण फसवणुकीपेक्षा मला ते मेणकापड जास्त सलतं. बारा फुटांचं चाक उभं करणाऱ्या माणसाचा हात कसबी असणारच. ते चाक उघडं असतं, तर ते थांबतं कुठे, कसं, हे शंभर लोकांनी पाहिलं असतं आणि कुणी ना कुणी बेरीज मांडली असती. झाकलेल्या चाकापासून कुणालाच काही शिकता आलं नाही. आणि त्या कापडाखाली काय होतं याचा शोध घेण्यात आजही माणसं आपल्या आयुष्याची वर्षं घालवतात.

चाक ऐकता येतं, हेही मला एका जुन्या गोष्टीतूनच कळलं. अमेरिकेत चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाने 1812 साली फिलाडेल्फियात आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये असं यंत्र पैसे घेऊन दाखवलं. वाफेच्या बोटीमुळे नाव झालेले रॉबर्ट फुल्टन ते बघायला गेले. त्यांनी नुसता आवाज ऐकला आणि ओळखलं की याला कुणीतरी हाताने फिरवतंय. हाताने दांडा फिरवला की वेग एका लयीत कमी-जास्त होत राहतो. त्यांनी लाकडाच्या दोन फळ्या काढल्या, आतून जाणारा तातीचा पट्टा सापडला, आणि पट्ट्याच्या मागोमाग वर गेल्यावर माळ्यावर एक दाढीवाला म्हातारा दांडा फिरवत बसलेला.

हे वाचून मी माझ्याच चाकाचा आवाज नीट ऐकायचं ठरवलं. दरवेळी सारखाच धक्का मिळावा म्हणून धावेला दोरा गुंडाळला आणि दोऱ्याला अर्धा किलोचं वजन बांधून ते अर्धा मीटर खाली सोडलं. म्हणजे चाकाला सुमारे अडीच जूल मिळाले. आधी सगळे हात दोऱ्याने धावेशी बांधून टाकले, कुठलाच हलू नये म्हणून. चाक तीन मिनिटांच्या जवळपास फिरलं. मग दोरे कापले, हात मोकळे केले, तेच वजन तितकंच खाली सोडलं. टक, टक, टक. चाकाचे दोन फेरेही पुरे झाले नाहीत.

बेअरिंग तेच, तेल तेच, वजनंही तीच. तीन मिनिटं आणि दोन अपुरे फेरे, यांत फरक होता फक्त त्या टकचा.

तेव्हा वहीत लिहिलं: एक वजन कलंडताना सुमारे बारा सेंटिमीटर खाली येतं आणि अडसरावर आपटून थांबतं. शंभर ग्रॅम, बारा सेंटिमीटर, म्हणजे 0.12 जूल. एका फेऱ्यात असे बारा आपटे, सुमारे 1.4 जूल. आत घातले अडीच. भागाकार केला तर दोन फेऱ्यांना थोडे कमी. समोर नेमकं तेच झालं होतं. इतके महिने जो आवाज मला चाकाला मिळणारा धक्का वाटत होता, तो चाकाकडून जाणारा खर्च होता. प्रत्येक टकला चाक थोडं रितं होत होतं. अडसरांवर नमद्याचे तुकडे चिकटवले तर आवाज गेला, फेरे मात्र तेवढेच राहिले. जे आवाजात जात होतं, ते आता नमद्याच्या उबेत जात होतं.

ही ऊब नीट मोजणारा माणूस म्हणजे जेम्स जूल. त्याचं यंत्र पाहिलं की मला ते आमच्याच घराण्यातलं वाटतं. वजनं खाली उतरतात, त्यांच्या ओढीने पाण्याच्या भांड्यात एक पंखा फिरतो, आणि पाणी इतकं किंचित तापतं की ते कळायला फार नाजूक तापमापक लागतो. 1850 साली त्याने आकडा छापला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला 772 पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं. वजन आणि चाक तेच. त्याने प्रश्न बदलला. चाक फिरत का राहत नाही, याऐवजी त्याने विचारलं की थांबताना गेलेलं कुठे जातं.

घर्षणाबद्दलचा गैरसमजही इथे सांगायला हवा, कारण तो सगळ्यांत चिवट आहे. घर्षण शून्य केलं तर माझं हात बांधलेलं चाक कायम फिरत राहील, हे खरं. पण तसं कुठलंही साधं, रिकामं चाकही फिरेल. त्याला हात, वजनं, बिजागऱ्या यांची काय गरज? आणि त्या चाकाला एखादी बादली उपसायला लावली की ते मंदावणार, कारण काम देण्यासाठी त्याच्याकडे पहिल्या धक्क्याखेरीज दुसरं काही नाही. घर्षणाने चाकाचं काही चोरलेलं नसतं. चाकात जास्तीचं काही नव्हतंच. आणखी एक, 'सुरुवातीला पुरेसा वेग दिला पाहिजे' असं जे म्हणतात त्यांनी एकदा तसं करून पाहावं. सेकंदाला एक फेऱ्याच्या आसपास वेग गेला की वजनं बाहेर फेकली जाऊन तशीच राहतात, टक बंद होतो आणि असंतुलितपणाच नाहीसा होतो. ते साधं जड चाक बनतं.

1775 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवलं की यापुढे अशी यंत्रं तपासायला घ्यायची नाहीत. कारण देताना त्यांनी नुसतं अशक्य म्हणून सोडलं नाही. या नादात घरं धुळीला मिळतात, हेही लिहिलं. ते वाचताना मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. तरीही मी कुणाला चाक करू नका असं सांगणार नाही. घर गहाण टाकू नका, गुपित ठेवू नका, पैसे मागू नका, एवढं सांगेन. पण करा, उघडं ठेवा, आणि ते थांबेल तेव्हा ओळंबा लावून मोजा.

सापेक्ष हा शब्द मला पुन्हा भेटला तो डनेडिनमधल्या एका घड्याळात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात हे 1864 साली केलेलं बेव्हर्ली घड्याळ आहे आणि त्याला आजवर कुणी किल्ली दिलेली नाही. त्यात हवेची बंद पेटी आहे. दिवसा हवा फुगते, रात्री आकसते, आणि त्या हालचालीने घड्याळाचं वजन वर चढतं. दिवसभरात साधारण सहा अंश सेल्सियसचा फरक त्याला पुरतो. साफसफाईसाठी ते थांबवलं गेलंय, आणि तापमान पुरेसं बदललं नाही तेव्हा आपणहूनही थांबलंय. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1760 च्या दशकात, लंडनमध्ये जेम्स कॉक्सने हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ केलं होतं, आणि त्यात भरला होता दीडशे पौंड पारा. तोच पारा. आऱ्यांत कोंडला तेव्हा तो आपला आपण फिरत बसायचा आणि थकायचा. बाहेरच्या हवेला हात दिला तेव्हा त्याने घड्याळ चालवलं. भास्कराचार्यांनी ज्याला कमी लेखलं ते सापेक्ष यंत्रच शेवटी चालत राहिलं, हे मला त्यांना सांगता आलं असतं तर फार आवडलं असतं. ते ऐकून पहिला प्रश्न त्यांनी काय विचारला असता, हे मी कधी कधी मनाशी जुळवत बसतो.

माझं चाक अजून काट्यावर लटकलेलं आहे. बारा सारखे हात आहेत तेव्हा थांबायच्या जागाही बारा असायला हव्यात, असा हिशोब सांगतो. खरंच तसं आहे का ते बघायला मी धावेवर खडूने आकडे घातले आणि प्रत्येक वेळी ते थांबलं की तळाशी आलेल्या आकड्यापुढे एक रेघ ओढत गेलो. शंभर वेळा केलं. सातपुढे रेघाच रेघा जमल्या. सातवं जुडगं पुन्हा तोललं तर 103 ग्रॅम भरलं, एक वायसर जास्त पडला होता. तीन ग्रॅम. बाकी अकरा जुडग्यांच्या गर्दीतून चाकाने ते शोधून काढलं होतं, आणि मी समजून घेईपर्यंत दरवेळी तिथेच थांबत होतं. वायसर काढून टाकला आहे. खडूच्या जुन्या रेघा पुसल्या आहेत, आणि आता पुन्हा पहिल्यापासून शंभर वेळा फिरवायचं आहे.